कवळीवाल्यांच्या गाडीची चाकं

त्यांना सगळे कवळीवाले म्हणत, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. चार दंतवैद्यांकडून लोकांच्या तोंडांचे साचे त्यांच्याकडे येत आणि घरामागच्या खोलीत बसून ते त्यांवरून दात घडवत. खोलीभर प्लास्टरची पांढरी धूळ, कोपऱ्यात छोटी भट्टी, टेबलावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेले जबडे. नवखा माणूस आत आला की पन्नास तोंडं एकदम आपल्याला हसताहेत असं वाटून दारातच थबकत असे. कवळीवाले मात्र त्या हसण्यात अठ्ठावीस वर्षं सुखानं बसले होते. अर्धा मिलिमीटर हे त्यांच्या लेखी लांबचं अंतर होतं. "अर्धा मिलिमीटर म्हणजे किती, हे ज्याला बोचतंय त्याला विचारा," असं ते म्हणत.

रस्त्याकडच्या खोलीत त्यांच्या बायकोचं शिवणकामाचं दुकान होतं. पँटी, कोट, शाळांचे गणवेश. म्हणजे नवराबायको दोघंही फिटिंगच्याच धंद्यात. पुढच्या खोलीत "कुठे दाटतंय?" आणि मागच्या खोलीत "कुठे टोचतंय?" हे दोन प्रश्न सोडले तर घरात दिवसभर फारसं बोलणं होत नसे. आणि संसार छान चालला होता.

त्या संसारात एके दिवशी पिवळी गाडी शिरली.

चार दंतवैद्यांपैकी सगळ्यात हौशी जो होता, त्याच्याकडे वीस वर्षांची जुनी, दोन माणसांची, जमिनीला पोट लावून चालणारी स्पोर्ट्स कार होती. तिच्यात बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसल्यासारखं व्हायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे. डॉक्टरांच्या कमरेचा मणका सरकला आणि हे बसणं-उठणं त्यांना जमेना. "तुम्ही घेता का?" त्यांनी सहज विचारलं. कवळीवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोला न विचारता हो म्हटलं, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकले.

गाडी दारात आली तेव्हा बायको गळ्यात माप घेण्याची टेप घालून बाहेर आली. तिनं एक चक्कर मारली.

"दोनच माणसं बसतात?"

"आपण दोघंच तर आहोत."

"आणि भाजी?"

"मागे डिकी आहे की."

तिनं डिकी उघडून पाहिली. "एक कोबी मावेल," ती म्हणाली. "लहान." आणि आत निघून गेली. एवढ्यावर निभावलं म्हणून कवळीवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

पण सुख लाभायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी गाडी धुताना ते मागच्या बाजूला उकिडवे बसले आणि त्यांचं लक्ष चाकांकडे गेलं. चाकं मडगार्डच्या कमानीत खोल आत दडून बसली होती. वरचा पत्रा पुढे आलेला, खाली पोकळ अंधार. हा चेहरा आपण रोज पाहतो, असं त्यांच्या मनात आलं. सगळे दात काढलेल्या माणसाचे गाल जसे आत जातात, अगदी तस्सा. एवढी देखणी गाडी आणि बोळकं! त्यांनी बोट घालून पाहिलं. एकेका बाजूला चांगली दोन बोटं जागा रिकामी.

त्यानंतर त्यांना दुसरं काही दिसेना. रस्त्यानं जाताना ते माणसांच्या तोंडांऐवजी गाड्यांच्या कमानी पाहू लागले.

गावाच्या टोकाला चाकांचं दुकान होतं. ते एक बाई चालवत. उंच, हाताला काळं ग्रीस, आणि बोलणं पान्यानं बोल्ट आवळावा तसं, शेवटी एक हिसका देणारं. त्यांना सगळे चाकवाल्या बाई म्हणत. कवळीवाल्यांनी बाईंना आपलं दुखणं सांगितलं.

"काका, मडगार्डच्या कडेशी चाक हवंय ना? दोन वाटा आहेत," बाई म्हणाल्या. "एक तर ऑफसेट वेगळा असलेली चाकं घ्या, म्हणजे चाकाची घडणच अशी की ते बाहेर येऊन बसेल. नाहीतर हब, म्हणजे चाक जिथे बसतं ती बैठक, आणि चाक यांच्या मध्ये स्पेसर घाला." आणि त्यांनी ॲल्युमिनियमची एक चकती टेबलावर आपटली. जाड बांगडीसारखी, पाच भोकांची.

'काका' हा शब्द कवळीवाल्यांना लागला. बाई काही त्यांच्यापेक्षा फार लहान नव्हत्या. पण त्यांचं लक्ष भिंतीवर टांगलेल्या राखाडी, पाच काड्यांच्या चाकांवर खिळलं होतं. तीच हवी होती.

"ती बसतील न बसतील," बाई म्हणाल्या. "पुढचा ब्रेकचा कॅलिपर मोठा आहे तुमचा. काड्या घासतील."

"बघून सांगतो," कवळीवाले म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून एक डबी काढली. दोन रंगांचा मसाला हातावर मळून त्याचा गोळा केला, कॅलिपरवर थापला आणि बाईंना चाक चढवायला सांगितलं. चाक हातानं एकदा हळूच फिरवलं, उतरवलं. गोळ्यावर काड्यांचा माग उमटला होता. सर्वात पातळ जागी त्यांनी सुई टोचून मोजलं.

"तीन मिलिमीटर मोकळे आहेत. पुरे?"

"पुरे," बाई म्हणाल्या. मग गोळा उचलून त्यांनी वास घेतला. "आहे काय हे?"

"दातांचं माप घ्यायचा मसाला. पुदिन्याचा वास मुद्दाम घालतात."

त्या दिवसापासून बाईंच्या बोलण्यातला हिसका थोडा सैल झाला. राखाडी चाकं गाडीला बसली. पुढची अगदी कडेशी येऊन थांबली. मागची मात्र अजून आतच होती. "मागे दहाचा स्पेसर घाला, फार तर बाराचा," बाईंनी सांगितलं. "त्याहून जास्त मी देणार नाही."

घरी येऊन कवळीवाल्यांनी कमानीवरून ओळंबा सोडला, दोरा ताणला, पट्टी लावली. वीस मिलिमीटरचा स्पेसर घातला तर टायर आणि मडगार्ड एका रेषेत येत होते. एका केसाचाही फरक नाही. मग दहा का म्हणून?

आणि इथे मेहुणा आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. धंदा पंखे दुरुस्तीचा, पण अधिकार सगळ्या विषयांवर. "भावोजी, त्या बाईला घाबरायचं कारण नाही," तो म्हणाला. "गाडीनं कशी छाती काढून उभं राहायला पाहिजे! वीसचे मी आणून देतो. बोल्टसुद्धा लांबवाले आणतो." दुसऱ्या दिवशी तो खरोखरच घेऊन आला. कुठून आणले ते सांगेना. एरवी कवळीवाल्यांनी वस्तू चारदा पारखून घेतली असती. पण मोह वाईट. त्यांनी स्वतःच्या हातांनी ते चढवले, बोल्ट आवळले, दहा पावलं मागे गेले आणि बघतच राहिले. गाल भरले होते.

बायकोला हाक मारली. ती सुई दातात धरून बाहेर आली, एक डोळा बारीक करून तिनं पाहिलं. "उभी असताना छान दिसते," ती म्हणाली. "बसल्यावर फाटेल."

"काय फाटेल?"

"उभ्यानं माप घेऊन शिवलेली पँट कुठे फाटते ते मला विचारा." पण एवढं बोलून ती गेली, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं. आणि कवळीवाल्यांनी ते मनावर घेतलं नाही, कारण गाडी काही पँट नव्हे.

पहिल्या फेरीचा मान आत्याला मिळाला. कवळीवाल्यांची आत्या ऐंशीच्या पुढची, कानानं मंद, जिभेनं तल्लख आणि अंगानं भरभक्कम. तिच्या तोंडातली कवळी हे कवळीवाल्यांचं सर्वोत्तम काम होतं. अकरा वर्षांत ती एकदाही हलली नव्हती. आत्याला गाडीत उतरवायला दोघं लागले. ती आत बसली तशी गाडीची ती बाजू नम्रपणे खाली झुकली.

गल्लीतून बाहेर पडताना पहिला स्पीडब्रेकर आला, आणि मागून घर्रर्र असा आवाज झाला.

"कोण ओरडलं?" आत्यानं विचारलं. कानानं मंद असून तिला ऐकू आलं, म्हणजे आवाज लहान नव्हता.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर कवळीवाल्यांनी वेग वाढवला. साठपर्यंत ठीक होतं. सत्तरला स्टिअरिंग हातात कुरकुरू लागलं. ऐंशीला अख्खी गाडी थरथरायला लागली आणि शेजारून एक बारीक, कोरडा आवाज येऊ लागला. कट कट कट कट.

"अरे, माझे दात वाजतायत!" आत्या म्हणाली.

"थंडी वाजतेय का तुला?"

"थंडी कसली? घामानं भिजलेय मी. थंडी नाही, भीती नाही, मग दात कशाला वाजतील?"

कवळीवाल्यांच्या काळजाचं पाणी झालं. थरथरीमुळे नव्हे, दातांमुळे. अकरा वर्षांचं नाव धुळीला मिळालं! त्यांनी तिथूनच गाडी वळवली, घरी येताच आत्याची कवळी मागून घेतली आणि मागच्या खोलीत दार लावून बसले. भिंगाखाली पाहिली, साच्यावर बसवली, जबड्यांच्या चौकटीत घालून चाववली. कवळीत तसूभरही दोष नव्हता. तासाभरानं ते बाहेर आले तेव्हा आत्या बोळक्या तोंडानं रागावून बसली होती आणि ती काय म्हणतेय ते कोणालाच कळत नव्हतं, हे एक बरं होतं.

कवळी निर्दोष, म्हणजे दोष गाडीत. त्यांनी खाली वाकून पाहिलं. मागच्या टायरच्या खांद्यावरून रबराचा बारीक भुगा निघाला होता आणि मडगार्डची आतली कड घासून लखलखत होती. आपलेच दात, आपलेच ओठ; सांगायचं कोणाला?

सांगावं लागलंच. दुसऱ्या दिवशी चाकवाल्या बाईंच्या दुकानात गाडी अगदी सावकाश नेली. बाईंनी स्पेसर पाहिले आणि काही न बोलता मागचं चाक सोडवायला घेतलं. बोल्ट फिरवताना त्या मोठ्यानं मोजत होत्या. एक. दोन. तीन. चार. पाच. आणि पाचव्या फेऱ्याला बोल्ट हातात आला.

"पाच आटे," बाई म्हणाल्या. "निदान आठ-नऊ पाहिजेत. आणि हे बघा." त्यांनी स्पेसर हबवर ठेवून हलवला. तो खुळखुळला. "मधलं भोक मोठं आहे. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आहे हा. चाकाचा भार हबच्या कड्यावर बसायला हवा. इथे तो नुसत्या बोल्टांवर लोंबकळत होता, म्हणून थरथर. गाडीत कोण होतं?"

"आत्या."

"पाच आट्यांवर होती तुमची आत्या."

बाई आवाज न चढवता बोलल्या, आणि तेच वाईट होतं. कवळीवाल्यांनी टायरांच्या ढिगावर बैठक मारली. त्यांच्या डोळ्यांपुढे तो मोठा रस्ता आला, ऐंशीचा वेग आला, आणि घामानं भिजलेली, दात वाजत असलेली, तरीही मजेत बाहेर बघणारी ती म्हातारी आली. अठ्ठावीस वर्षांत कोणाच्या हिरडीला ओरखडा येऊ दिला नव्हता या माणसानं. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि तेवढ्यात स्पेसर काढून जुन्या बोल्टांवर चाकं परत चढवून टाकली.

बायकोला सांगायला त्यांना दोन दिवस लागले. तिनं ऐकता ऐकता शिलाई मशीन थांबवलं. मशीन मध्येच थांबवायची तिची रीत नव्हती. मग एवढंच म्हणाली, "आत्याला सांगितलंत?"

ते आत्याकडे गेले. शेजारी बसून, तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं.

"म्हणजे मी मेले असते?" आत्यानं विचारलं.

"हो गं आत्या."

आत्यानं थोडा विचार केला. "आणि तू?"

"मीसुद्धा."

"मग ठीक आहे. तू वाचून मी मेले असते तर तुला सोडलं नसतं." तिनं त्यांच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली. "आता नीट कर ती. मला परत बसायचंय."

मेहुण्याला मात्र बहिणीनं दुकानात बोलावून घेतलं. ती काय बोलली ते कोणी ऐकलं नाही. पण तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट होता, आणि पुढचे काही महिने तो फक्त पंख्यांवर मत देत असे.

मग काम रीतसर सुरू झालं. बाईंनी त्याच गाडीच्या हबला घट्ट बसणारे स्पेसर मागवले, दहाचे आणि बाराचे, आणि बरोबर मापाचे बोल्ट. कवळीवाल्यांनी मेण आणलं. आणि बायको त्या दिवशी दुकान बंद ठेवून आली. कशाला, ते तिनं सांगितलं नाही.

"उभ्यानं माप घ्यायचं नाही," एवढंच बोलून तिनं गाडीकडे बोट दाखवलं. "बसवा सगळ्यांना."

डिकीत प्लास्टरच्या पिशव्या ठेवल्या. कमानीच्या आतल्या कडेला कवळीवाल्यांनी गुलाबी मेणाची पट्टी चिकटवली, चावा तपासायला तोंडात धरतात तशी. चालवायला मेहुण्याला बसवलं. दुसऱ्या कामाला तो उरला नव्हता. शेजारी आत्या.

"मला पोतं म्हणून बसवताय का?" आत्या म्हणाली.

"नाही गं. तू आमचं मोजमाप आहेस."

हे तिला पटलं. ती ताठ बसली.

दुकानासमोरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी दोनदा गेली, दोनदा आली. "चाव!" कवळीवाले रस्त्याच्या कडेनं ओरडले. येणारेजाणारे थांबून बघू लागले. मग कवळीवाले, बाई आणि मेहुणा मेण तपासायला वाकले. बाराच्या स्पेसरवर उजवीकडचं मेण जसंच्या तसं होतं. डावीकडच्या मेणावर मात्र बारीक चरा पडला होता.

"दहाचे लावा आणि मोकळे व्हा," बाई म्हणाल्या.

"पण एका बाजूला लागत नाही ना?"

"दुसऱ्या बाजूला लागतंय ना?"

"दोन मिलिमीटर हो बाई."

"दोन मिलिमीटरच, काका!"

कवळीवाल्यांनी दातांच्या कण्या केल्या, पण बाई ऐकेनात. कोणी मागे हटेना. तेवढ्यात गाडीच्या मागे वीस पावलांवर उभी राहिलेली बायको म्हणाली, "डावा खांदा उतरलाय."

दोघं वळले.

"डावं चाक वरच्या अंगाला बाहेर झुकलंय. उजवं सरळ आहे. शिवताना एक खांदा उतरला की बाहीसुद्धा अशीच पडते."

बाई हसल्या. नुसत्या डोळ्यांनी तेवढं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. तरी त्यांनी गाडी अलाइनमेंटच्या यंत्रावर चढवली. पडद्यावर आकडे आले. बाईंनी ते एकदा वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि कवळीवाल्यांच्या बायकोकडे पाहिलं. डावं चाक खरोखरच वर बाहेरच्या बाजूला कललेलं होतं, जेमतेम अंशभर.

"ताई," चाकवाल्या बाई म्हणाल्या, "शिवणकाम सोडून इकडे याल का?"

"इथली धूळ काळी आहे," बायको म्हणाली. "मला पांढऱ्याची सवय आहे." पण तिला आनंद झालेला लपत नव्हता.

चाक सरळ केलं, नवं मेण लावलं, आत्यानं पुन्हा बैठक मारली. गाडी स्पीडब्रेकरवरून गेली, आली. मेणावर माशीचा पायसुद्धा उमटला नव्हता. बारावर शिक्कामोर्तब झालं. परतीच्या वाटेवर मोठ्या रस्त्याला कवळीवाल्यांनी ऐंशी गाठली आणि श्वास रोखून कान शेजारी लावले. आत्या झोपली होती. दात गप्प होते.

आता एकच काम उरलं होतं. गाडीत केलेला बदल वाहन तपासणीत दाखवून पास करून घ्यायचा होता. कवळीवाले आणि बायको सकाळीच रांगेत जाऊन उभे राहिले. तपासनीस साठीला टेकलेला, कडक गणवेशाचा. त्यानं बोल्ट तपासले, स्पेसरचे कागद वाचले, मग मडगार्डला लांब पट्टी लावून चारी चाकं पाहिली आणि शिक्का घेऊन आपल्या खिडकीत जाऊन बसला.

"टायर पत्र्याच्या आत आहे," तो म्हणाला. "एक मिलिमीटर बाहेर असता तरी परत पाठवला असता. लोकांना वाटतं, मिलिमीटरनं काय होतं! अहो, सगळं मिलिमीटरवरच असतं!"

प्रत्येक 'स'ला त्याच्या तोंडून बारीकशी शीळ निघत होती. कवळीवाल्यांनी न बघायचं ठरवलं. जमिनीकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं. बायकोनं त्यांचं कोपर दाबलं. पण जन्माची खोड, ती जाते कुठे!

"साहेब," ते म्हणाले, "तुमची वरची कवळी डावीकडे दीड मिलिमीटर उंच बसलीय."

बायकोनं डोळे मिटले. आता गाडी परत जाणार, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

तपासनिसाचा शिक्का हवेत थांबला. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग शिक्का कागदावर ठोकला, कागद कवळीवाल्यांच्या हातात दिला आणि खिडकीतून अर्धा बाहेर वाकून आपला ओठ बोटानं वर उचलला.

"इथं," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तीन वर्षं टोचतंय हो."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. कवळीवाल्यांनी खिशातून भिंग काढलं.